न पिणाऱ्या माणसाचे लाल डोळे

माझा भाऊ दारू पीत नाही. हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण त्याला पाहिल्यावर जो तो सगळ्यात आधी तोच विचार करायचा. लहानपणापासून त्याचे डोळे लाल. धूळ उडाली की लाल, घरात कापूस येऊन पडला की लाल, हिवाळ्यात लाल, उन्हाळ्यात तर विचारूच नका. चौथीत असताना गुरुजींनी भर वर्गात विचारलं होतं, "काहून रे, बापासंग बसला होता का काल?" सगळा वर्ग हसला. नऊ वर्षांचं पोर ते. मला हे त्यानं नाही सांगितलं, त्याच्या वर्गातल्या एका पोरीनं सांगितलं. मी तेव्हा सातवीत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत जाऊन मी त्या गुरुजींच्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडून आले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

बाप मात्र प्यायचा. कळमेश्वरात कोणालाही विचारा. आणि बापामुळंच आमच्या आईनं एक शास्त्र तयार केलं होतं. संध्याकाळी बाप दारात आला की ती आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहायची. लाल असले की भाजीत तिखट कमी टाकायची, म्हणजे ताट फेकायला निमित्त नको. बाप गेला, पण शास्त्र राहिलं. कोणाच्याही मुलाबद्दल विषय निघाला की आई म्हणायची, "पोट्ट्याचे डोळे पाहा वं. पगार खोटा सांगता येते, शेती खोटी सांगता येते, डोळे नाही सांगता येत." आजूबाजूच्या बाया माना डोलवायच्या. आमच्या गल्लीत दारूनं न पोळलेली बाई शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल, त्यामुळं हे शास्त्र सगळ्यांना पटलेलं.

माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा आईनं त्याच शास्त्रानं निकाल लावला. मुलाला समोर बसवून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पांढरेशुभ्र, सोललेल्या अंड्यासारखे. स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाली, "हा नाही पेत. डोळे मिटून हो म्हण." मी डोळे मिटून हो म्हटलं आणि चार वर्षं त्या पांढऱ्या डोळ्यांच्या माणसाचा मार खाल्ला. बाटली रिचवली तरी त्याच्या डोळ्यांत लाल रेघ उमटत नसे. काही लोकांची घडणच तशी असते, त्याला कोण काय करणार. पाचव्या वर्षी मी बॅग भरून परत आले, घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलं, आणि तेव्हापासून मी कळमेश्वरातल्या निम्म्या नवऱ्या सजवल्या आहेत. एवढं सगळं होऊनही आईचं शास्त्र काही बदललं नाही. "तुह्या वेळी माह्यं पाहणं चुकलं," असं म्हणते. पाहण्यातच काही अर्थ नाही, हे मात्र तिच्या डोक्यात शिरत नाही.

तर असा हा भाऊ. एमआयडीसीत वेल्डर. हात असा की त्यानं जोडलेल्या पाइपावर बोट फिरवलं तर शिवण लागत नाही. सुपारीसुद्धा खात नाही. पगार वेळेवर घरात. आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत त्याचं लग्न जमेना, कशामुळे, तर डोळ्यांमुळे!

आमच्याकडे मुलाची चौकशी पानठेल्यावर होते. मुलीचा काका किंवा मामा नवख्यासारखा येतो, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला सांगतो आणि तो घोटून होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत मधेच हळूच विचारतो, "ते अमक्याचं पोरगं कसं आहे गा? पेते का?" आमच्या चौकातला पानठेलेवाला शपथ घेऊन सांगायचा, "भाऊ, सरळ पोट्टा आहे. माह्याकडून आजवर चॉकलेटच नेलं त्यानं." मग ते लोक खुशीत घरी यायचे. भाऊ बाहेर येऊन नमस्कार करायचा. त्यांचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे जायचं आणि ते एकमेकांकडे असे पाहायचे, जणू पानठेलेवालाही आम्हीच पैसे देऊन बसवलेला. पोहे खाऊन लोक गोड बोलून निघून जायचे. दोन दिवसांनी निरोप, पत्रिका जुळत नाही.

एका स्थळाच्या वेळी मुलीच्या मामानं हद्दच केली. निघताना गळाभेटीच्या निमित्तानं भावाच्या तोंडाजवळ नाक नेलं. भावाला कळलं. तो मागं सरकला नाही. तोंड उघडून त्यांच्या नाकावर मोठ्यानं 'हाऽऽ' केलं आणि म्हणाला, "घ्या मामाजी. पोट भरून घ्या." मला हसू आवरेना. आईनं कपाळावर हात मारला. ते स्थळ गेलं, जायचंच होतं. पण त्या दिवशी सगळे गेल्यावर तो चपला घालून बराच वेळ ओट्यावर बसून राहिला, आणि मला म्हणाला, "ताई, पेऊनच घेतो ना एकदा. निदान लोकं खोटं तरी नाही बोलणार." मी त्याला म्हटलं, थांब, काहीतरी करू. ते 'काहीतरी' मीच केलं. आता जे सांगणार आहे त्यात सगळ्यात पहिली शिवी मी स्वतःला घालते, म्हणजे बाकीच्यांना घालायला मी मोकळी.

त्याच महिन्यात एक टाय लावलेला माणूस पार्लरमध्ये येऊन कार्डांचा गठ्ठा ठेवून गेला होता. नागपुरात धरमपेठेतल्या एका दवाखान्याची कार्डं. एका बाजूला लाल डोळा, दुसऱ्या बाजूला तोच डोळा पांढराफेक. खाली लिहिलेलं, डोळ्यांची लाली कायमची घालवा, अर्ध्या तासात, टाके नाहीत, भरती नाही. नवऱ्या मुलींना द्या म्हणाला. मी ती कार्डं आरशाच्या कडेला लावली होती. रोज समोर दिसायची. त्यातलं एक काढून मी भावाच्या हातात दिलं. मीच दिलं.

दवाखाना म्हणजे काय थाट! काचेचं दार, गार हवा, भिंतीवर पाणी वाहतंय, रिसेप्शनवरची पोरगी अशी हसते की आपणच तिचे सोयरे. आत डॉक्टर साहेबांनी मोठ्या पडद्यावर भावाचे डोळे दाखवले. एवढ्या मोठ्या पडद्यावर तर देवाचेही डोळे लालच दिसतील. म्हणाले, "या लाल रेषा दिसतात ना, तो पापुद्राच आपण काढून टाकतो. मग तिथं एक औषध लावतो, म्हणजे परत लाल होत नाही. नवीन पापुद्रा येतो तो स्वच्छ." भावानं विचारलं, "काही धोका?" डॉक्टर हसले. "धोका रस्ता ओलांडण्यातही असतो." वा रे वा. आम्हीही हसलो. शहाण्यासारखे हसलो.

मी ब्लीच लावते ना, साधं तोंडाचं ब्लीच, त्याच्याआधी मुलीच्या कानामागं थेंबभर लावून तिला बसवून ठेवते. चुणचुणलं तर धुऊन टाकते आणि म्हणते, बाई, तुझ्या कातडीला हे झेपत नाही, बेसन लाव आणि घरी जा. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. मी दहावी नापास. आणि या साहेबांनी, इतक्या पदव्या भिंतीवर टांगून, माझ्या भावाला साधं हे विचारलं नाही की बाबा रे, तुझे डोळे लाल होतात काहून? केव्हापासून? काम काय करतोस? वेल्डिंगच्या झोताशी ज्याचा दिवस जातो त्या माणसाचे डोळे सोलायला निघाले आणि त्याला धंदा विचारला नाही! पण मी तरी कुठं सांगितलं. मला वाटलं, मोठे डॉक्टर, त्यांना कळत असेल. कागद आले, सगळे इंग्रजीत. पोरगी बोट दाखवत गेली, इथं, इथं आणि इथं. नातेवाईक म्हणून मी सही केली. पापुद्र्यासारखे पातळ कागद, मी उलटूनसुद्धा पाहिले नाहीत.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पंधरा दिवस तो अंधाऱ्या खोलीत बसला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय म्हणायचा. मग एक दिवस बाहेर आला आणि आई दारातच थांबली. डोळे असे पांढरे की बाहुली वेगळी आणून बसवल्यासारखी वाटावी. खोटं कशाला सांगू, सुंदर दिसत होता. आईनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी त्याचा फोटो काढून ओळखीच्या सगळ्या बायांना पाठवला. लग्नाच्या बाजारात माल बदलला की दुकान कसं चालतं ते मी तेव्हा पाहिलं. माणूस तोच, पगार तोच, तोंडाचा वासही तोच. सावनेरचं स्थळ आलं, मुलीच्या वडिलांनी भावाला पाहिलं आणि चहा संपायच्या आत म्हणाले, "पोरगा साफ आहे." साफ! मी आतून ऐकत होते. मला आनंदच झाला, मी पेढे आणायला पळाले. पौषाच्या आधी साक्षगंध उरकलं, अंगठ्या झाल्या. लग्न एप्रिलात करायचं ठरलं.

ऑपरेशनचं आम्ही त्यांना सांगितलं नाही. भाऊ सांगू म्हणत होता. मी आणि आईनं त्याला गप्प केलं. आई म्हणाली, "मोतीबिंदूचं कोणी सांगत बसते का?"

जानेवारीपासून त्याला दोन-दोन दिसायला लागलं. आधी सांगितलंच नाही त्यानं. कामावर एक शिवण दोन दिसायची, त्यातली खरी कोणती ते तो हात लावून ओळखायचा. विचार करा, वेल्डर माणूस, गरम पाइपाला हात लावून खरं-खोटं ओळखतोय! बोटांवरचे फोड पाहून मला कळलं. आम्ही धरमपेठेत गेलो. साहेब म्हणाले, कोरडेपणा आहे, हे थेंब टाका. टाकले. पुन्हा गेलो. म्हणाले, होतं असं कधीकधी, धीर धरा. तिसऱ्यांदा साहेब भेटलेच नाहीत, पोरीनंच थेंबांची आणखी एक बाटली काढून दिली. तेच हसू.

होळीच्या आधी मी त्याच्या डोळ्यात थेंब टाकत होते. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन सरळ तोंडावर. खालची पापणी ओढली तर पांढऱ्यावर खडूचा कण चिकटल्यासारखा एक डाग. मला वाटलं कचरा आहे, रुमालाचं टोक लावलं, निघेना. आणि त्याच्या बाजूला, नाकाकडच्या अंगाला, डाळीएवढी जागा काळी-निळी. मी म्हटलं, "अरे, इथं मार लागला का?" तो म्हणाला, "नाही. काहून?" पार्लरमध्ये एक बाई मेंदी लावून बसली होती, तिला तशीच सोडून मी त्याला रिक्षात घातलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ती बाई मेंदी वाळवून, केस धुऊन, दाराला कडी लावून घरी गेली म्हणे.

तिथले डॉक्टर म्हातारे होते. यंत्रासमोर भावाची हनुवटी टेकवली, आत पाहिलं, आणि पाहतच राहिले. मग मागं सरकून विचारलं, "हे कोणी केलं?" तो आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्यावर नव्हता तो राग, तरी मी मान खाली घातली.

त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावून सांगितलं. डोळ्याचा पांढरा भाग म्हणजे भिंत. तिच्या वरच्या पापुद्र्यात ज्या लाल रेषा असतात त्या रक्ताच्या नळ्या, त्यांच्या जिवावर ती भिंत टिकते. तोच पापुद्रा या लोकांनी सोलून काढला आणि वर पेशी मारायचं औषध लावलं, जे कॅन्सरमध्ये वापरतात. आता भिंत विरत चालली आहे, तो खडूसारखा डाग म्हणजे तिथं साचलेला चुना. जे काळं-निळं दिसतंय तो आतला पडदा आहे, भिंत पातळ झाल्यामुळं बाहेरून दिसतोय. कोणाचा कोपर लागला, पडला, डोळ्याला धक्का बसला, तर डोळा फुटू शकतो. "फुटू शकतो," असंच म्हणाले, साध्या शब्दांत. डावा जास्त, उजवाही सुरू झालाय. वेल्डिंग बंद. वजन उचलणं बंद. गर्दीत जाणं बंद. मेलेल्या माणसाच्या डोळ्यातलं ठिगळ आणून लावावं लागेल.

मी विचारलं, "आणि आधीची लाली? ती कशाची होती?"

"अ‍ॅलर्जी. धुळीची, कापसाची. साधे थेंब दिले असते तर निम्मी राहिली असती. आणि नसती राहिली तरी काय बिघडत होतं? दिसत होतं ना त्याला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिसत होतं ना त्याला! एकतीस वर्षं दिसत होतं. सुईच्या नेढ्यात दोरा मी नाही, तो ओवून द्यायचा. ज्याच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं त्याचे डोळे आम्ही दुरुस्तीला दिले, आणि ज्यांनी खरोखर पिऊन बायका बडवल्या ते पांढरे डोळे मिरवत फिरतायत. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

डॉक्टर म्हणाले, त्या दवाखान्याचे ऑपरेशनचे कागद आणा. कोणतं औषध, किती ताकदीचं, किती वेळ ठेवलं, दोन्ही डोळ्यांत सारखं का, हे कळल्याशिवाय उजव्याचं काय करायचं ते ठरवता येत नाही. उजवा वाचवायचा तर लवकर.

त्याआधी भावानं एक काम केलं. मला म्हणाला, "सावनेरले चाल." मी म्हटलं, आधी कागद. तो म्हणाला, "आधी सावनेर." एसटीत मी त्याच्या बाहेरच्या बाजूला बसले, कोणाचा कोपर लागू नये म्हणून. मुलीच्या वडिलांसमोर त्यानं काळा चष्मा काढला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पानठेला, मामा, कार्ड, दवाखाना, सगळं. वडील म्हणाले, "आधी काहून नाही सांगतलं? आमी तं डोळे पाहूनच हो म्हणलं होतं." त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. लपवलं आम्हीच. अंगठी आम्ही तिथंच ठेवली. मुलगी आतल्या दारात उभी होती, निघताना तिनं भावासाठी उंबऱ्याकडे हात दाखवला, खाली पाहा म्हणून. परतताना एसटीत मी रडले, तो नाही रडला. त्याला डॉक्टरांनी डोळे चोळायला मनाई केली होती आणि तो सांगितलेलं पाळणारा माणूस.

मग कागदासाठी धरमपेठ. पहिल्या दिवशी सांगितलं, साहेब बाहेरगावी. दुसऱ्या वेळी, फाइल दुसऱ्या ऑफिसात. तिसऱ्या वेळी, अर्ज लिहून द्या, पंधरा दिवस लागतात. मी म्हटलं, बाई, पंधरा दिवसांत माझ्या भावाची भिंत पडेल. तिला कळलं नाही कसली भिंत. चौथ्या वेळी मी भावालाच घेऊन गेले. सोमवारची सकाळ, बाहेरच्या खोलीत सात-आठ लोक बसलेले, पाणी तसंच भिंतीवरून वाहतंय. पोरगी हसली. मी म्हटलं, "हसू नकोस. पहिले ते दात आत घे आणि कागद बाहेर काढ."

"मॅडम, आवाज कमी करा."

"आवाज? अजून काढलाच कुठं मी आवाज? तुझ्या साहेबाले सांग, कळमेश्वरची पार्लरवाली आली आहे, जिच्या आरशाले तुमची कार्डं लावली होती. कागद मिळाल्याशिवाय हलणार नाही. पोलीस बोलवायचे तं बोलव, मीच नंबर देते."

आतून एक माणूस आला, साहेब नव्हे, कोणी मॅनेजर. गोड बोलत मला आत चला म्हणाला. मी जागची हलले नाही. आत नेऊन गप्प करतात, बाहेर चार लोक ऐकतात म्हणून तर यांचा जीव खालीवर होतो, एवढं चार वर्षांच्या संसारात मी शिकले आहे. दहा मिनिटांत फाइल आली. जी बाहेरगावी होती, दुसऱ्या ऑफिसात होती, पंधरा दिवस लागणार होते, ती दहा मिनिटांत आली! वर म्हणतो कसा, "तुम्हीच सही केली आहे मॅडम, सगळे धोके समजावले म्हणून." आणि बोट ठेवून दाखवली मला माझी सही. ठसठशीत. खाली तारीख.

त्या फाइलवरून म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुढचं ठरवलं. डाव्याला ठिगळ लावलं. उजेड दिसतो, माणूस आला-गेला कळतं, तोंड ओळखू येत नाही. उजवा औषधांवर आहे, रोज भीती आहे. वेल्डिंग गेलं ते गेलंच. पण ते नंतरचं. त्या सोमवारी फाइल काखेत घेऊन मी निघाले, आणि दाराशी जाऊन माझे पाय थांबले.

कारण त्या सात-आठ लोकांत एक बाई आणि तिची मुलगी बसली होती. मुलगी विशीतली, हातात तेच कार्ड. डोळे कुठं लाल होते तिचे? जरासे पिवळट, आपल्या सगळ्यांचे असतात तसे. मी परत फिरले. खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. भाऊ लग्न जमावं म्हणून इथं कसा आला, काय सोलतात, काय लावतात, काय होतं, म्हातारे डॉक्टर काय म्हणाले, सगळं. मॅनेजर "प्लीज, प्लीज" करत होता. भावाला म्हटलं, चष्मा काढ. त्याला लाज वाटली, पण काढला. मी त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हटलं, "पाहा. जवळ येऊन पाहा."

दोघेजण उठून निघून गेले. एका म्हाताऱ्यानं 'अरे रामा' म्हटलं आणि तोंड फिरवलं. ती मुलीची आई उठली आणि खरंच जवळ आली. भावाच्या डाव्या डोळ्यात नीट पाहिलं. चुकचुकली. तिचे डोळे भरून आले, खोटं नाही बोलत मी, खरोखर भरून आले. माझा हात धरून म्हणाली, "लय वाईट झालं वं ताई." मला वाटलं, सुटली. एक तरी पोरगी सुटली.

मग तिनं मुलीकडे एकदा पाहिलं, माझा हात तसाच धरून जराशी आणखी जवळ आली, आणि आवाज बारीक करून विचारलं, "पण मधात लग्न जमलं होतं ना?"

मी खोटं बोलणार होते. तोंडाशी आलं होतं, नाही, काही जमलं नव्हतं, काही फायदा झाला नाही. पण प्रश्न भावानंही ऐकला होता आणि तो माझ्याआधी बोलला.

"हो," तो म्हणाला. "जमलं होतं."

आयुष्यभर तो खरं बोलत आला आणि कोणी ऐकलं नाही. त्या बाईनं ऐकलं, लगेच ऐकलं. माझा हात सोडून ती मुलीजवळ जाऊन बसली. आतून नाव पुकारलं, तशा दोघी उठल्या आणि आत गेल्या.